सोसायटीत अग्निशमन दलाचं प्रात्यक्षिक ठेवायचंय : अर्ज कुठे, तयारी काय, दलाकडे नेमकं काय मागायचं?

पाथर्डी_फाटा_सचिव

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आमची सोसायटी आहे. दोन विंग, पार्किंग आणि वर सात मजले, एकूण ५६ फ्लॅट. एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताह असतो, त्या निमित्ताने महापालिकेच्या अग्निशमन दलाला बोलावून रहिवाशांसाठी प्रात्यक्षिक ठेवायचा विचार आहे. चार गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, अर्ज शिंगाडा तलावाच्या मुख्यालयात द्यायचा की जवळच्या केंद्रात? दोन, आग विझवायचे सिलेंडर, सरावाची आग पेटवायला डिझेल, ट्रे वगैरे कोणी आणायचं? तीन, असे कार्यक्रम बहुतेक ठिकाणी खुर्च्या मांडून होतात. लोक बसून बघतात, शेवटी फोटो निघतो, आणि सिलेंडरला कोणाचाच हात लागत नाही. तसं होऊ नये म्हणून काय करावं? चार, समितीतल्या दोन-तीन सभासदांचं म्हणणं आहे की दलाला घरी बोलावलं तर आपली यंत्रणा बघून नोटीस हातात देतील. यात तथ्य किती?

आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक बरेच आहेत आणि दुपारच्या वेळी घरात बहुतेक तेच आणि लहान मुलं असतात, हे लक्षात घेऊन सांगावं.

---

जुना_फायरमन

सचिव साहेब, क्रमानेच घेतो.

अर्ज मुख्य अग्निशमन अधिकारी, नाशिक महानगरपालिका यांच्या नावे करा. मूळ प्रत शिंगाडा तलावाला देऊन आवक शिक्का घ्या. दुसरी प्रत तुमच्या भागाची गाडी ज्या केंद्रातून निघते तिथे, केंद्र अधिकाऱ्यांच्या हातात द्या. ही दुसरी प्रत फार महत्त्वाची. परवानगी वरून येते, पण तुमच्या दारात येणारी माणसं केंद्रातली असतात. आग लागल्यावरही तीच येणार असतात. पाथर्डी फाट्याला अंबडची औद्योगिक वसाहत चिकटून आहे आणि एमआयडीसीचं स्वतःचं वेगळं अग्निशमन केंद्र आहे. त्यामुळे गोंधळ होतो. निवासी सोसायटी महापालिका हद्दीत असेल तर अर्ज महापालिकेकडेच.

अर्जात ‘जनजागृती प्रात्यक्षिक’ असं स्पष्ट लिहा. कार्यक्रमाच्या ठिकाणी बंदोबस्ताला गाडी उभी करणं हा वेगळा विषय आहे, त्याची प्रक्रिया वेगळी. दोन्ही एकाच अर्जात मिसळले की कागद दोन टेबलांवर फिरत राहतो.

आता तारीख. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. त्यामुळे १४ तारखेला सकाळी केंद्रांवर मानवंदना असते. त्याच दिवशी आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका असतात, शहरभर वाहतूक वळवलेली असते. बाकीचे सहा दिवस शाळा, रुग्णालयं, कंपन्या आधीच मागून ठेवतात. शिवाय एप्रिल-मे म्हणजे वाळलेलं गवत, कचरा, शॉर्टसर्किट, म्हणजे दलाकडे कॉल जास्त असण्याचे दिवस. सप्ताहातच हवं असा आग्रह नसेल तर दिवाळीच्या पंधरा-वीस दिवस आधीचा एखादा रविवार मागा. माणसं निवांत भेटतात आणि फटाक्यांचा विषयही वेळेवर होतो.

एक अट मनापासून मान्य करा : मध्येच कॉल आला तर गाडी निघून जाणार. म्हणून गाडी गेटकडे तोंड करून उभी राहील आणि तिच्यापुढे एकही दुचाकी नसेल असं बघा. गाडी गेली तरी पुढचा भाग तुम्हाला स्वतःच्या साहित्यावर चालू ठेवता यावा. ओला कपडा, झाकण, १०१ वर बोलायचा सराव, जिना उतरायचा सराव, यांना गाडी लागत नाही.

साहित्याचं सांगतो. तुमच्याकडची जी सिलेंडरं यंदा रिफिलिंगला निघणार आहेत तीच प्रात्यक्षिकाला वापरा. ६ किलोचं एबीसी पावडरचं (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींना चालणारं) सिलेंडर सलग दाबलं तर १५ ते २० सेकंदांत रिकामं होतं. तीन-तीन सेकंद दाबून सोडलं तर एका सिलेंडरवर चार-पाच जणांचा हात होतो. पाच सिलेंडर काढलीत तर वीस-पंचवीस माणसं प्रत्यक्ष आग विझवतात. पण नीट ध्यानात ठेवा, पावडरचं सिलेंडर एकदा दाबलं की उरलेलं भिंतीवर परत लावायचं नाही. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या सीटवर अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो. काटा आज हिरव्यात दिसतो, पंधरा दिवसांनी शून्यावर. दाबलेलं प्रत्येक सिलेंडर थेट रिफिलिंगलाच.

जागा उघड्यावर, निदान १० बाय १० मीटर. स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, अजिबात नाही. धूर छताला अडतो आणि पावडर गाड्यांवर बसते. पावडर ओली झाली की रंगाला आणि वायरिंगला त्रास देते, म्हणून नंतर आधी कोरडं झाडून घ्या आणि मगच पाणी मारा. लोकांची पाठ वाऱ्याकडे हवी. लोखंडी ट्रे साधारण दोन फूट बाय दोन फूट, त्यात आधी दोन-तीन इंच पाणी, वर जवान सांगतील तेवढं डिझेल. इंधन ओतणं आणि पेटवणं फक्त जवानांनी करायचं. सगळ्यात जास्त भाजतात ते दुसऱ्या फेरीला. ज्योत दिसत नाही म्हणून कोणीतरी तापलेल्या ट्रेमध्ये परत इंधन ओततो आणि वाफ भडकते. ट्रे गार होऊ द्या, तोवर दुसरा विषय घ्या.

लोकांचा हात लागावा यासाठी साधा उपाय : खुर्च्या मांडूच नका. ज्येष्ठांपुरत्या दहा ठेवा. आणि अर्जातच लिहा की ‘किमान २० रहिवाशांकडून प्रत्यक्ष सराव करून घ्यावा’. नावं आधी काढा, प्रत्येक मजल्यावरून निदान एक बाई आणि एक ज्येष्ठ. दोन्ही वॉचमन आणि लिफ्टमन आधी. भाषण दहा मिनिटांच्या आत.

सराव शिकवताना चार क्रिया : पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी रोखा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. उभं राहायचं आठ-दहा फुटांवर. तिथून सुरुवात, ज्योत बसली की पुढे सरकायचं. पाच फुटांवरून दाबलं तर दाबाने जळतं तेल उडतं. बहुतेक लोक वरच्या ज्योतीवर मारतात, पावडर वाया जाते आणि आग तशीच. आणखी एक चूक म्हणजे पिन ओढायच्या वेळी दांडा आवळून धरणं, त्यामुळे पिन अडकून बसते. आधी सिलेंडर जमिनीवर टेकवा, दांडा सैल सोडा, मग पिन. विझल्यावर पाठ फिरवायची नाही, मागे-मागे सरकायचं, कारण डिझेल परत पेट घेतं. दाराकडे पाठ असेल असंच उभं राहायचं, म्हणजे जमलं नाही तर निघता येतं.

सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड गॅसचं) सिलेंडर मीटर रूमसाठी असेल तर तेही दाखवायला सांगा. त्याला काटा नसतो, भरलेलं आहे का ते वजनावरून कळतं. त्याचा काळा भोंगा हाताने धरायचा नाही, गॅस बाहेर पडताना इतका थंड असतो की कातडी चिकटते. मारा जवळूनच लागू पडतो, चार-सहा फूट. उघड्यावर वाऱ्यात तो फारसा चालत नाही, म्हणून प्रात्यक्षिकात लोकांना वाटतं सिलेंडरच खराब आहे.

स्वयंपाकघराला सगळ्यात जास्त वेळ द्या. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद, वरून ताट किंवा झाकण सरकवत ठेवायचं, आणि तेल गार होईपर्यंत उघडायचं नाही. कढई उचलून मोरीकडे न्यायची नाही. पाणी तर अजिबात नाही. पाणी तेलाच्या तळाशी जातं, तिथे त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या साधारण १७०० पट जागा घेते. ती सगळं पेटतं तेल वर फेकते. हे जवानांना लांब दांडीच्या पळीने दाखवायला सांगा. अर्धी वाटी पाण्याने केवढा भडका होतो हे एकदा बघितलेली व्यक्ती पुन्हा ती चूक करत नाही.

गॅसचं : १४.२ किलोच्या सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर खालची दारं उघडा, झाडूने बाहेर ढकला, बटण लावायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. तुमच्याकडे पाईप गॅस असेल तर तो उलट, हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. वरच्या खिडक्या उघडा आणि ओट्याजवळचा कॉक बंद करा. गळतीसाठी एलपीजीचा क्रमांक १९०६. सिलेंडरच्या तोंडाशी ज्योत असेल आणि रेग्युलेटरपर्यंत हात पोचत असेल तर ओला जाड कपडा हातावर घेऊन नॉब फिरवा. गॅस बंद करणं शक्य नसेल तर नुसती ज्योत विझवू नका. न जळलेला गॅस खोलीभर पसरतो आणि मग एका ठिणगीत खोली जाते. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१.

---

हायड्रंटवाला

वरचं सगळं बरोबर. मी यंत्रणेपुरतं बोलतो, कारण नोटिसीची भीती तिथूनच येते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे तुमच्या बाबतीत सोसायटीची. लायसन्सधारक एजन्सीकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बी फॉर्म, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. हा नियम दल तुमच्या दारात येवो न येवो, लागूच आहे. प्रात्यक्षिकाला आलेले जवान तपासणीच्या कामावर आलेले नसतात. पण बंद पडलेला पंप त्यांच्या डोळ्यांसमोर असेल तर ते बोलणारच, आणि त्यांनी बोलावंच. त्यामुळे क्रम असा ठेवा : आधी एजन्सी, मग बी फॉर्म, मग प्रात्यक्षिक. एजन्सीचा माणूस इमारतीत पाय न ठेवता फॉर्म सही करून देत असेल तर तो कागद घेऊच नका.

तुमच्या उंचीच्या इमारतीत बऱ्याचदा गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी आगीच्या पाण्याची लाईन आणि गच्चीवर दाब वाढवणारा बूस्टर पंप असतो. इथे एक मोठी फसगत होते. एजन्सी किंवा समिती तळमजल्याचा व्हॉल्व्ह उघडून बघते, पाणी जोरात येतं, सगळे खूश. पण २३-२४ मीटरवरून नुसत्या उतारानेच खाली सव्वादोन किलोच्या आसपास दाब मिळतो, पंप बंद असला तरी. सातव्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन-चार मीटर, म्हणजे तिथे पंपाशिवाय धार जेमतेम पायापाशी पडते. म्हणून चाचणी नेहमी सगळ्यात वरच्या मजल्यावर, होज (आगीचा पाईप) जोडून, पंप चालू करून.

काय काय बिघडलेलं सापडतं ते सांगतो, तपासून घ्या.

पॅनेलचा स्विच ‘ऑटो’वर हवा, तो ‘मॅन्युअल’ किंवा ‘ऑफ’वर असतो. कारण लाईनला कुठेतरी बारीक गळती असते, दाब उतरतो, पंप रात्री-बेरात्री चालू होतो, वरच्या मजल्यावरचे तक्रार करतात आणि कोणीतरी स्विच फिरवून ठेवतो. इलाज गळती काढणं हा आहे. पंपाची वीज लिफ्टच्या किंवा पार्किंगच्या एमसीबीवरून घेतलेली असेल तर तीही वेगळी करून घ्या, नाहीतर मेन स्विच पाडला की पंपही गेला.

टाकीचं पाणी घरगुती वापरात जातं. उन्हाळ्यात टँकर मागवायचे दिवस आले की हमखास. आगीची टाकी वेगळी असेल तर तिचा जोड-व्हॉल्व्ह बंद करून साखळी लावा. एकच टाकी असेल तर घरगुती पाण्याचा पाईप वरच्या पातळीवरून निघाला पाहिजे, म्हणजे खालचा साठा आपोआप राखला जातो.

होज बॉक्समध्ये नोझल (पाईपच्या टोकाची तोटी) नसतं. पितळी असतं म्हणून चोरीला जातं, मग उरलेली चोरीला जाऊ नयेत म्हणून सगळी ऑफिसात कुलुपात ठेवतात. ऑफिसची किल्ली खजिनदारांकडे आणि ते गावाला. नोझल बॉक्समध्येच हवं, चोरीची भीती असेल तर बॉक्सला कुलूप आणि तिथेच काचेआड किल्ली. होज ६३ मिमीचा, एक नग १५ मीटर. एका जागी वर्षानुवर्षं घडी राहिली की घडीवर तडा जातो. सहा महिन्यांनी उघडून दुसऱ्या रेषेवर घडी घाला. जोडाच्या मादी बाजूत रबरी वॉशर असतो, तो वाळून निघून गेलेला असतो, आणि पंप चालू झाल्यावर धारेपेक्षा जास्त पाणी जोडातून उडतं. वॉशर फार स्वस्तात मिळतो. बारा घेऊन ठेवा.

रहिवाशांना ६३ मिमीचा होज हातात देऊ नका. पूर्ण दाबाला तो आवरायला दोन दणकट माणसं लागतात, नोझल सुटलं तर डोकं फुटतं. त्यांच्यासाठी होज रील आहे, ती गोल गुंडाळलेली, २० मिमी, साधारण ३० मीटर. एकटी बाई ती ओढून नेऊ शकते. आधी व्हॉल्व्ह उघडायचा आणि मग ओढत न्यायचं, हा क्रम शिकवा. उलट केलं की आगीपाशी पोचल्यावर हातात रिकामी नळी.

---

मविप्र_रोडच्या_बाई

लहान मुलांचं कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालते.

दुपारी घरी मुलं आणि आजी-आजोबा असतात असं तुम्ही म्हणता, तर मुलांसाठी पाऊण तास वेगळा ठेवा. मोठ्यांच्या गर्दीत त्यांना गाडीच्या दिव्यापलीकडे काही दिसत नाही. जवानांना एक विनंती जरूर करा : श्वसनयंत्राचा सेट आणि मुखवटा मुलांसमोर एकेक भाग करून चढवा. मुखवटा लावलेला, नळीतून श्वासाचा आवाज येणारा माणूस धुरातून आला तर लहान मूल त्याला घाबरून पलंगाखाली किंवा कपाटात लपतं. साधा चेहरा दिसतो, मग बूट, मग कोट, मग सिलेंडर, शेवटी मुखवटा, आणि त्याच आवाजात ‘चल बाळा, माझा हात धर’. हे एकदा बघितलेलं मूल त्याच्याकडे चालत जातं. मुखवट्याला हातही लावू द्या.

कपडे पेटले तर थांब, आडवा हो, चेहरा झाकून लोळ. हे सतरंजीवर प्रत्येकाकडून करून घ्या, नुसतं सांगून होत नाही. पळालं की आग वाढते हे मुलांना चटकन कळतं. धूर असेल तर रांगत, एका हाताने भिंत धरून. रांगायचा सराव दोन फुटांवर ताणलेल्या चादरीखालून छान होतो.

भाजल्यावर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नाही. हे आजी मंडळींना मुलांच्या तोंडून सांगायला लावा, त्यांचं त्या ऐकतात.

१०१ चा सराव बंद फोनवर किंवा खेळण्यातल्या फोनवर. मुलं खरा फोन लावून बघतात आणि नियंत्रण कक्षाची लाईन अडते.

---

पाथर्डी_फाटा_सचिव

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. हायड्रंटवाले दादा, तुमचं वाचून सातव्या मजल्यावर चाचणी घेतली. पंपाचा स्विच ‘ऑफ’वर होता, दोन मजल्यांवर नोझल नाहीत. एजन्सीला बोलावलं आहे.

आणखी एक. गाडी आत येईल का, याचीच शंका वाटते. गेटची मोकळी रुंदी चार मीटर, वर सोसायटीच्या नावाची कमान. आत शिरल्यावर लगेच उजवीकडे वळण आणि तिथे अभ्यागतांच्या गाड्या लागतात. दलाला हे कसं विचारायचं?

---

जुना_फायरमन

विचारायचं नाही, दाखवायचं. प्रात्यक्षिकाचा खरा उपयोग इथे आहे. अर्जात एक ओळ घाला : ‘कृपया मोठी गाडी आत आणून पाहावी.’ चालकाने एकदा वळण घेऊन बघितलं की त्याच्या लक्षात राहतं. प्रत्यक्ष कॉलच्या वेळी तो आत घुसायचं की बाहेरून लाईन टाकायची हे गेटवरच ठरवतो.

बंब साधारण अडीच मीटर रुंद, तीन मीटरच्या वर उंच, सात-आठ मीटर लांब. सरळ रेषेत चार मीटरच्या गेटमधून तो येईल, पण शिरताशिरता वळायचं असेल तर नाही. उंच इमारतींना सहा मीटरचा मार्ग आणि नऊ मीटरची वळणाची त्रिज्या मागतात ती याचसाठी. कमानीखाली साडेचार-पाच मीटर मोकळं हवं. कमानीला सणासुदीला तोरणं, फ्लेक्स लटकवता ना, तेही धरून मोजा. गेटचं दार पूर्ण मागे जाऊन भिंतीला टेकलं पाहिजे. अर्धवट उघडणाऱ्या दाराने अर्धा मीटर सहज जातो. वळणाच्या आतल्या कोपऱ्यातली निदान दोन पार्किंगं कायमची रद्द करा, तिथे पिवळे पट्टे मारा. सभासद कुरकुर करतील. गाडी अडकून उभी राहिलेली त्यांनी त्या दिवशी स्वतः बघू द्या, ठराव पास होतो.

जमिनीखाली टाकी असेल तर तिच्या स्लॅबवरून बंब जाऊ शकतो का, हे वास्तुविशारदाकडून लेखी घ्या आणि वॉचमनला सांगून ठेवा. पाणी भरलेली गाडी फार जड असते, स्लॅब खचला तर गाडीही गेली आणि तुमचं पाणीही.

केबिनमध्ये एक लाल फाईल ठेवा. त्यात दोन्ही विंगचा साधा नकाशा, पंप रूम, मीटर रूम, गच्चीची किल्ली, गॅस लाईनचा मुख्य कॉक, टाक्यांची क्षमता, आणि ज्यांना जिना उतरता येत नाही अशा रहिवाशांचे फ्लॅट क्रमांक. दर तीन महिन्यांनी तारीख टाकून ताजी करा. आलेल्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ‘आत कोण अडकलंय?’ हाच असतो, आणि त्या क्षणी दहा जण दहा उत्तरं देतात. समितीने बोलणारा एकच माणूस ठरवावा.

वॉचमनचा सराव त्याला कळेल त्या भाषेत घ्या. १०१ ला काय बोलायचं ते केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत चिकटवा : काय पेटलंय, कितव्या मजल्यावर, कोणी अडकलंय का, सोसायटीचं नाव, आणि सगळ्यात ओळखीचा चौक किंवा मंदिर. नुसतं सोसायटीचं नाव सांगून चालत नाही, एकाच नावाच्या पाच-पाच इमारती शहरात असतात. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मग एक माणूस चौकात जाऊन उभा राहतो आणि गाडीला वाट दाखवतो. १०१ लागत नसेल तर ११२. केंद्राचा थेट क्रमांकही तिथेच लिहून ठेवा.

आणि मीटर रूम! स्टिल्ट पार्किंगच्या इमारतींत आग पुष्कळदा तिथेच सुरू होते. मीटरच्या फळीसमोर दुचाकी, दुचाकीत पेट्रोल, शेजारी जिना. खालचा धूर जिन्यातून थेट सातव्या मजल्यावर, कारण वर जायला त्याला तेवढीच मोकळी वाट असते. अशा वेळी लोक दार उघडून जिन्यात येतात आणि धुरात सापडतात. प्रात्यक्षिकात हे दोन वाक्यांत का होईना सांगायला लावा : जिना धुराने भरला असेल तर घरातच थांबा, दार बंद, फटीला ओला टॉवेल, आणि रस्त्याकडच्या खिडकीतून हात दाखवा. सगळ्या बाजूंनी जाळ्या असतील तर एका खिडकीला आतून उघडणारी झडप करून घ्या. मीटरसमोर एक मीटर जागा रिकामी ठेवा, वीज तोडायला महावितरणचा १९१२ तिथेच लिहून ठेवा, आणि तिथे पाणी मारायचं नाही.

---

भद्रकालीकर

सोसायटीवाल्यांचं छान चाललंय. जुन्या नाशकात गेट नाही, गल्ली आहे. मंडळांनी करण्यासारखं थोडक्यात लिहितो, पंचवटीतल्या वाड्यांनाही लागू आहे.

बंब गल्लीत येणार नाही हे धरूनच चाला. मग पाईप मुख्य रस्त्यावरून टाकावा लागतो. टेप घेऊन गल्ली मोजा. १२० मीटर आत वाडा असेल तर १५ मीटरचे आठ होज लागतात, कोपऱ्यांना धरून नऊ-दहा. प्रत्येक जोडाला वेळ जातो आणि लांबीबरोबर दाब पडतो. हे अंतर, गल्लीची सगळ्यात अरुंद जागा, लोंबणाऱ्या वायरींची उंची, कोणत्या वाड्यातून मागच्या गल्लीत निघता येतं, हे एका कागदावर काढून केंद्रावर नेऊन द्या. साधारण साडेचार हजार लिटरची गाडी एका मोठ्या लाईनवर दहा मिनिटांत रिकामी होते. म्हणून दुसरी गाडी येईस्तोवर पाणी कुठून भरता येईल तेही त्याच कागदावर हवं : वापरातली विहीर, बोअर, जवळचा जलकुंभ.

मंडळाच्या पोरांना शिकवायचं ते वेगळं. टाकलेल्या होजवरून दुचाकी नेऊ द्यायची नाही, होजला पीळ पडू द्यायचा नाही, आणि जवानाने मागितल्याशिवाय नोझलला हात लावायचा नाही. लाकडी वाड्यात माळवद आतून पेटलेलं असतं, वरून काही दिसत नाही. सामान काढायला आत धावणाऱ्यांना अडवणं हे पोरांचं सगळ्यात मोठं काम.

गणपतीत मांडव घालताना रस्त्याची चार मीटर वाट आणि स्वागत कमानीखाली पाच मीटर उंची सोडा. मांडवात २०० लिटरचे दोन पिंप, वाळूच्या बादल्या आणि दोन एबीसी सिलेंडर. वायरींचे जोड कापडापासून लांब. जनरेटर मांडवाबाहेर, आणि तो चालू असताना डिझेल भरायचं नाही.

---

पाथर्डी_फाटा_सचिव

अर्जाचा मसुदा केला आहे, बघून सांगा :

‘महोदय, आमच्या संस्थेत दोन विंग, सात मजले व ५६ सदनिका आहेत. रहिवासी, सुरक्षा रक्षक व मुलांसाठी जनजागृती प्रात्यक्षिक आयोजित करण्याचा मानस आहे. कृपया रविवारी सकाळी पथक पाठवावे, किमान २० रहिवाशांकडून प्रत्यक्ष सराव करून घ्यावा व मोठी गाडी आवारात आणून पाहावी. साहित्य संस्थेतर्फे उपलब्ध असेल.’

---

जुना_फायरमन

चांगला आहे. तीन दुरुस्त्या. ‘सात मजले’ सोबत इमारतीची उंची मीटरमध्ये लिहा, मंजूर नकाशावर आहे ती. ‘रविवारी सकाळी’ ऐवजी दोन पर्यायी तारखा आणि वेळ सकाळी नऊ ते साडेदहा, म्हणजे ड्युटी बदलून नवी पाळी स्थिर झालेली असते. आणि ‘साहित्य’ म्हणजे काय ते मोजून लिहा : ६ किलोची एबीसी सिलेंडरं किती, ट्रे किती, उघडी जागा किती मीटर. सोबत शेवटच्या बी फॉर्मची प्रत आणि गेटचे दोन फोटो जोडा, एक बाहेरून आणि एक आतल्या वळणाचा. फोटोत माणूस उभा करा, म्हणजे रुंदीचा अंदाज येतो.

---

हायड्रंटवाला

आणि नोझल बसवून झाली की अर्ज देण्याआधी सातव्या मजल्यावर परत एकदा चाचणी घ्या. या वेळी पंप हाताने सुरू करू नका. स्विच ‘ऑटो’वर ठेवून नुसता व्हॉल्व्ह उघडा आणि पंप आपणहून उठतो का ते बघा. उठला नाही तर प्रेशर स्विच, म्हणजे दाब उतरला की पंप सुरू करणारा स्विच, तपासायला सांगा. लाईनमधल्या गाळाने त्याची बारीक नळी तुंबलेली असते.